मदत हवी आहे: कॅज्युअल्टीत नव्या इंटर्नना रुग्ण तपासायला कसे शिकवावे?

पहाटवारा
जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयाची कॅज्युअल्टी सांभाळते. दर दोन आठवड्यांनी चार-पाच नवे इंटर्न येतात. छातीत दुखण्याची पंधरा कारणे घडाघडा म्हणतील, पण पेशंट समोर आला की नाव, गाव, ‘किती दिवसांपासून?’ आणि मग केसपेपर घेऊन थेट माझ्यासमोर. तुझे मत काय विचारले, तर ‘मॅडम, ईसीजी काढू?’ लेक्चरला सवड नाही. ड्युटी बदलताना जेमतेम १५ मिनिटे मिळतात. छातीत दुखणे, दम, विषबाधा आणि पावसाळ्यात सर्पदंश, हे आमचे रोजचे. सुरुवात कुठून करू?

रात्रपाळी
आजारांपासून नको, आकड्यांपासून करा. कुठल्याही कॅज्युअल्टीतले दहा केसपेपर काढून बघा, आठांवर श्वासाचा वेग १८ लिहिलेला सापडेल. कोणी मोजतच नाही. नाडी धरल्याचे नाटक करून पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत मोजायला लावा. ‘श्वास मोजतोय’ म्हटले की पेशंटचा श्वास बदलतो. वेग ३० च्या वर असेल तर बाकी हिस्ट्री नंतर, आधी ऑक्सिजन आणि तुम्हाला हाक.

सॅच्युरेशनचा आकडा पडद्यावरची लाट स्थिर झाल्याशिवाय लिहायचा नाही. गार पडलेली बोटे आणि नखांवरचा रंग, दोन्ही फसवतात. गुंगीतल्या, झटका आलेल्या किंवा ‘दारू प्यायलाय’ म्हणून आणलेल्या प्रत्येकाची साखर ग्लुकोमीटरवर बघायचीच.

मग दुसरा नियम: तुमच्याकडे येताना पहिले वाक्य निर्णयाचे हवे. ‘पेशंट गंभीर आहे किंवा नाही, मला अमुक वाटते, कारण तमुक.’ चुकले तरी चालेल. तुम्ही फक्त विचारायचे, ‘कशावरून?’ आणि ‘आणखी काय असू शकेल, ज्याने हा तासाभरात दगावेल?’ तुम्हीच आधी उत्तर दिलेत की शिकवणे संपले.

तिरकी लीड
छातीत दुखण्याबद्दल. आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी, हे सगळ्यांना पाठ असते. चूक होते ती लीड (ईसीजीच्या वायरी) लावताना. छातीवरच्या पहिल्या दोन, व्ही-१ आणि व्ही-२, सर्रास एक-दोन बरगड्या वर लागतात. गळ्याखालच्या खळगीतून बोट खाली सरकवायला सांगा. हाडाचा आडवा उंचवटा लागतो, त्याच्या बाजूला दुसरी बरगडी. तिथून मोजत चौथी फट. एकमेकांच्या छातीवर एकदा करून घेतले की विसरत नाहीत. लीड-१ ची रेघ पूर्ण उलटी दिसली तर आधी हातांच्या वायरी तपासा, निदान मग.

पहिला ईसीजी नॉर्मल आणि दुखणे चालूच, तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा. लीड २, ३ आणि एव्हीएफमध्ये एसटीची रेघ वर उचललेली असेल (हृदयाच्या खालच्या भागाचा झटका) तर उजव्या बाजूची व्ही-४ काढल्याशिवाय जिभेखाली सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी) ठेवू नये. हृदयाचा उजवा कप्पा गेला असेल तर बीपी धाडकन कोसळते. दुखणे सुरू होऊन तासच झाला असेल तर निगेटिव्ह ट्रोपोनिनवर (हृदयाला इजा दाखवणारी रक्तचाचणी) पेशंट घरी पाठवायचा नाही.

आणि मधुमेही बाई ‘गॅस झालाय, घाम येतोय’ म्हणाली, तर ती ईसीजी होईपर्यंत हार्टचीच पेशंट.

पहाटवारा
हे आजपासूनच. सर्पदंशात मात्र २० मिनिटांच्या रक्त गोठण्याच्या चाचणीवर घोळ होतो. एकाच पेशंटचे एकदा गोठते, एकदा नाही.

माळरान
ट्यूब बघा. नवी, कोरडी, साधी काचेची हवी. साबणाने धुतलेल्या काचेत किंवा नुसत्या प्लास्टिकमध्ये चांगले रक्तही गोठत नाही, आणि एएसव्ही (सापाच्या विषावरचे इंजेक्शन) उगाच जाते. लाल टोपणाच्या प्लास्टिक ट्यूबमध्ये बहुधा गोठवणारे रसायन असते, तिथे खोटा दिलासा मिळतो. शिरेतले ताजे २ मिली रक्त, ट्यूब स्टँडवर उभी, घड्याळ लावून २० मिनिटे हात लावायचा नाही. मधेच तिरकी करून ‘गोठतंय का’ बघणे हाच खरा रोग! शेवटी एकदाच आडवी करायची. शंका आली तर त्याच खोक्यातल्या दुसऱ्या ट्यूबमध्ये धडधाकट माणसाचे रक्त ठेवा. तेही गोठले नाही तर दोष ट्यूबचा. पहिली चाचणी नॉर्मल आली तर तीन तास दर तासाला, मग २४ तास दर सहा तासांनी.

पण ही चाचणी घोणस-फुरशासाठी. मण्यारीचे विष नसांवर चालते, त्यात ती नॉर्मलच येते आणि तिथेच इंटर्न फसतात. जमिनीवर झोपलेला माणूस, पहाटे पोटात दुखून उलटी, ना सूज ना दाताची खूण. ॲसिडिटीचे पँटोप्राझोल टोचून घरी पाठवला जातो. पावसाळ्यात अशा प्रत्येकाला एक मिनिट वर बघायला सांगा, पापण्या जड होऊन खाली येतात का पाहा. उशीवरून डोके उचलता येते का? एका श्वासात कितीपर्यंत आकडे म्हणतो? तो आकडा वेळेसह केसपेपरवर, दर १५ मिनिटांनी. २५ वरून १२ वर आला तर अँबू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) आणि श्वासनळीत घालायची ट्यूब उशाशी.

एएसव्ही सुरू करण्याआधी ॲड्रेनलिन ०.५ मिली सिरिंजमध्ये भरून, मांडीत स्नायूत द्यायला तयार. रिॲक्शन आल्यावर ॲम्प्यूल शोधायचे नाही.

रात्रपाळी
माळरान +१. त्यात भर: मण्यारात बाहुल्या हलत नाहीत, हात-पाय लुळे, तरी पेशंट आतून जागा असू शकतो. त्याच्या उशाशी ‘गेला वाटतं’ असे बोलू नये, हेही शिकवा.

तिरकी लीड
कीटकनाशकाच्या (ऑरगॅनोफॉस्फेट) विषबाधेत उतारा म्हणून ॲट्रोपिन बाहुली मोठी होईपर्यंत नव्हे, छाती कोरडी होईपर्यंत. ०.६ मिग्रॅच्या तीन ॲम्प्यूल, मग दर पाच मिनिटांनी दुप्पट. दर वेळी दोन्ही बाजूंना स्टेथो लावून, नाडी ८० च्या वर आणि बीपी वरचे ८० च्या वर येईपर्यंत. कपडे काढून अंग धुणे आधी सिस्टरला सांगा, हातमोजे घालूनच.

पहाटवारा
काचेच्या ट्यूब आमच्या लॅबमध्ये धुऊनच परत येतात, आत्ता विचारून आले. नव्यांचे खोके वेगळे काढून एएसव्हीच्या फ्रीजवर ठेवतेय.