बायडन यांच्या जागी हॅरिसच का? दुसरं कुणी चाललं नसतं?

माळरान: 21 जुलै 2024 ला बायडन यांनी अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीतून माघार घेतली आणि लगोलग उपाध्यक्ष हॅरिस यांना पाठिंबा दिला. डेमोक्रॅट्सचा घात तिथेच झाला. उमेदवार ठरवणारं पक्षाचं शिकागोचं अधिवेशन 19 ऑगस्टला, म्हणजे चार आठवडे हातात होते. पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर शपिरो किंवा मिशिगनच्या व्हिटमर यांना उतरवायचं. 2022 ला दोघंही दहा टक्क्यांहून जास्त फरकाने जिंकले होते आणि महागाईचं खापर त्यांच्यावर फुटत नव्हतं. हॅरिस यांना टीव्हीवर विचारलं, बायडनपेक्षा वेगळं काय केलं असतं? म्हणाल्या, काही सुचत नाही!

जमाखर्च: आणि पैसे? जूनअखेर बायडन यांच्या प्रचार समितीकडे साडेनऊ कोटी डॉलर होते. समितीच्या नोंदणीत हॅरिसही होत्या, म्हणून त्याच दिवशी निवडणूक आयोगाकडे कागद भरून नाव बदलता आलं. दुसऱ्या उमेदवाराच्या समितीला त्यातले फक्त 2000 डॉलर देता येतात. उरलेले पक्षाकडे वळवता येतात, पण टीव्हीवर जाहिरातीचा सर्वात स्वस्त दर कायद्याने उमेदवारालाच मिळतो. पक्ष स्वतंत्रपणे जाहिरात करतो तेव्हा बाजारभाव मोजतो.

माळरान: हॅरिस यांना पहिल्या 24 तासांत 8 कोटी 10 लाख डॉलर आले. बायडन सुटले या आनंदात लोकांनी कुणालाही दिले असते.

कलम तेरा: सह्यांचं काय? उभं राहायला 300 डेलिगेटांच्या (अधिवेशनात उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींच्या) सह्या, एका राज्यातून 50 पेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणजे किमान सहा राज्यं फिरा, तेही 30 जुलैच्या आत. डेलिगेट बहुतेक सगळे बायडन यांच्या नावावर निवडून आलेले. ते व्हिटमरकडे का जातील? जे हिशेबी विचार करू शकले असते ते खासदार-गव्हर्नर (आपले बेळगावचे श्री ठाणेदारही त्यातलेच) पदसिद्ध डेलिगेट. 2018 च्या सुधारणेनंतर चुरस असेल तर पहिल्या फेरीत त्यांना मतच नाही.

माळरान: नियम समिती पक्षाचीच ना? सह्यांची मुदत तिनेच 24 जुलैला ठरवली. घाई ओहायोच्या नावाखाली झाली. उमेदवाराचं नाव कळवायची 7 ऑगस्टची मुदत तिथल्या विधिमंडळाने आधीच वाढवली होती.

कलम तेरा: वाढवली, पण तो कायदा लागू होणार होता ऑगस्ट संपता संपता. कोर्टात कुणी गेलं असतं तर? म्हणून डेलिगेटांचं ऑनलाइन मतदान अधिवेशनाआधीच उरकलं. आणि अधिवेशनातल्या खुल्या भांडणाचा नमुना डेमोक्रॅट्सनी 1968 ला शिकागोतच पाहिलाय.

माळरान: 1968 ला पक्षाचे उमेदवार हम्फ्री एकही प्रायमरी (राज्याराज्यांत होणारी पक्षांतर्गत निवडणूक) न लढता वरून लादले गेले. हे उदाहरण माझ्या बाजूचं आहे. तरी ते एका टक्क्याच्या आत हरले.

जमाखर्च: बेरीज करा. जिंकायला राज्यांची मिळून 270 इलेक्टोरल मतं लागतात. हॅरिस यांना मिळाली 226. शपिरोंनी पेनसिल्व्हेनियाचे 19 आणले तर 245, वर मिशिगनचे 15 म्हणजे 260. विस्कॉन्सिनचे 10 कोण आणणार?

माळरान: विस्कॉन्सिन 30 हजारांहून कमी मतांनी गेलं. शपिरो-व्हिटमर जोडीला ते जमलं नसतं असं कशावरून?