बोर्डाने ‘नाना’ लिहिलं तर निवृत्तीनंतर लढावं का?

मलप्रभाकाठ

निवृत्तीच्या वेळी तपासणी करणाऱ्या रिलीज मेडिकल बोर्डाच्या कागदावर अपंगत्व 30 टक्के, आणि खाली शेरा: सेवेमुळे झालेलं नाही, सेवेने वाढलेलंही नाही. इंग्रजी आद्याक्षरं जोडून याला सगळे ‘नाना’ म्हणतात, आणि याच शेऱ्यावरून अपंगत्वाची पेन्शन नाकारली जाते. हा नाना घेऊन घरी आलेले माजी सैनिक बेळगाव, खानापूर, निपाणी पट्ट्यात गल्लोगल्ली सापडतील. बीपी, शुगर, मणक्याची चकती आणि कान, बहुतेकांचं यातलंच काहीतरी.

माझं मत सरळ आहे: लढावं. 2013 च्या धरमवीर सिंग निकालात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच लागला असं धरायचं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची. तो जवान 1985 ला भरती झाला आणि 1994 ला फिट येण्याच्या आजारामुळे 20 टक्के अपंगत्वावर घरी गेला. बोर्डाने कारण न देता नुसता शेरा मारला होता, तो टिकला नाही.

पैशाचं गणित बघा. बेसिक 40,400 आणि एमएसपी म्हणजे मिलिटरी सर्व्हिस पे 5,200, मिळून 45,600. शंभर टक्के अपंगत्वाला पेन्शनमध्ये महिन्याला याचे 30 टक्के, 13,680. तीस टक्क्यांना 4,104. पण 50 च्या खालचं अपंगत्व 50 धरायचा नियम आहे, त्यामुळे 6,840 आणि वर महागाई भत्ता, आयुष्यभर. पूर्ण नोकरी करून निवृत्त झालेल्यांनाही ही वाढ मिळते, हे 10 डिसेंबर 2014 च्या राम अवतार निकालाने ठरलंय. मूळ अट एवढीच: अपंगत्व किमान 20 टक्के, आणि ते सेवेशी जोडलेलं.

कुंदा_बेळगावी

सरसकट ‘लढा’ म्हणणं मला पटत नाही. धरमवीर सिंग सगळेच सांगतात, 2019 चा नरसिंह यादव निकाल कोणी सांगत नाही. भरतीला नोंद नव्हती एवढ्यावरच आजार आपोआप सेवेचा ठरत नाही, मेडिकल बोर्डाच्या मताला वजन द्यायला हवं, असं त्यात सुप्रीम कोर्टानेच म्हटलंय.

दुसरं, कॅगने 2015-16 ते 2019-20 या वर्षांचा हिशेब काढला, तेव्हा निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी सुमारे 40 टक्के आणि जवानांपैकी सुमारे 18 टक्के पेन्शनमधला अपंगत्वाचा हिस्सा घेत होते. त्यात बीपी-शुगरवाले किती ते पाहिलं तर सुरुंगात पाय गेलेल्याला काय वाटेल? 21 सप्टेंबर 2023 पासून निवृत्त होणाऱ्यांना नवे, कडक नियम लागले ते या गर्दीमुळेच. सामान्य आजारावर ओढूनताणून केलेला दावा पुढच्या खऱ्या जखमीची वाट अरुंद करतो.

जुना_सिग्नलवाला

40 आणि 18 हे दोन आकडे एका दमात म्हणू नका हो. आपल्या भागातून जातात कोण? शिपाई ते सुभेदार. गर्दी वरच्या मजल्यावर झाली, आणि दार खालच्या माणसासाठी बंद करायचं, हे कुठलं गणित?

बीपी म्हणजे सरसकट खाण्यापिण्याचा आजार, हेही बरोबर नाही. फील्ड, अतिउंच भाग किंवा दहशतवादविरोधी ड्युटीवर असताना बीपी सुरू झाला, तर सेवेने वाढला असं धरायची तरतूद सैन्याच्या वैद्यकीय मार्गदर्शिकेतच आहे. म्हणून बोर्डाच्या कागदांत आधी दोन गोष्टी शोधायच्या: आजार पहिल्यांदा कधी आणि कुठे नोंदला, आणि पोस्टिंगच्या तक्त्यात त्या तारखेसमोर फील्ड आहे की पीस, म्हणजे शांत भागातलं ठाणं. गफलत इथेच होते. मोजमाप फील्डमध्ये चढलेलं असतं, पण सुरुवातीची तारीख पडते पुढच्या पीस स्टेशनच्या हॉस्पिटलातली. तेवढ्या एका ओळीवर नाना येतो. युनिटच्या एमआय रूमची, म्हणजे दवाखान्याची, जुनी नोंद मिळाली तर अपिलात तीच पुढे करायची.

कुंदा_बेळगावी

हे मान्य, तारीख जुळत असेल तर जरूर लढावं. माझी तक्रार आहे ती तारीख न बघता उठणाऱ्यांबद्दल, आणि त्यांना उठवणाऱ्या एजंटांबद्दल. थकबाकीतला वाटा आधीच लिहून घेतात आणि दहा जणांचे एकाच साच्यातले अर्ज टाकतात. नाव तेवढं बदललेलं.

आणि खरा जखमी कुठे अडकतो ते सांगू? पीटी परेडमध्ये किंवा कंपनीच्या व्हॉलीबॉल मॅचमध्ये गुडघा गेला, तेव्हा आयएएफवाय-2006 हा इंजुरी रिपोर्ट भरलाच नाही. क्रेप बँडेज बांधलं, दोन दिवस आराम, झालं. पंधरा वर्षांनी बोर्ड विचारतं, सीओचं, म्हणजे कमांडिंग ऑफिसरचं, मत कुठाय? सेवेतल्या पोरांना एवढं सांगा: मुरगळलं तरी रिपोर्ट भरून घ्या, प्रत घरी पाठवा. त्याच्यापुढे कोर्टाचे दहा निकाल फिके.

चंदगडी_काजू

कागद कुठून मिळवायचे ते कोणीच लिहिलं नाही. बेळगावात मराठा सेंटर आहे म्हणून सगळे तिकडेच धावतात. अहो, तिथलं रेकॉर्ड ऑफिस मराठा लाईट इन्फंट्रीचं. तोफखान्याचा माणूस असेल तर नाशिक रोड, सिग्नलचा असेल तर जबलपूर. जिल्हा सैनिक कल्याण ऑफिस अर्ज पुढे पाठवतं, निर्णय तिथे होत नाही.

आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे माहिती अधिकारात बोर्डाच्या कार्यवाहीची पूर्ण प्रत मागायची. ‘पूर्ण’ हा शब्द घालायचाच, नाहीतर शेवटचं एक पान येतं. दावा नाकारल्याच्या पत्रापासून सहा महिन्यांत पहिलं अपील, ते फेटाळलं तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरं, आणि मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण. उशीर झाला म्हणून दार बंद होत नाही, माफीचा अर्ज जोडता येतो. पण 2008 च्या तरसेम सिंग निकालापासून थकबाकी साधारण अर्जाच्या मागची तीनच वर्षं मिळते. म्हणजे बसून राहिलात तर त्याआधीची वर्षं पाण्यात. पेन्शनच न मिळालेल्यांनी तर आणखी घाई करावी, त्यांचे कागद 25 वर्षांनी नष्ट करतात.

मलप्रभाकाठ

आपल्याकडची एक खास अडचण राहिली. नोकरीतल्या कागदावर जिल्हा बेलगाम, आधारवर बेळगावी, कारण नाव 1 नोव्हेंबर 2014 ला बदललं. ते एक वेळ समजून घेतात. पण माणसाचंच नाव कन्नडातून इंग्रजीत जाताना बदलतं. आडनावात एक जादा ए नाहीतर एच, की पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलवर मेळ बसत नाही. अपील जिंकूनही पैसे यावरून अडकतात. म्हणून डिस्चार्ज बुकातलं स्पेलिंग प्रमाण मानून बाकीचं आधी दुरुस्त करायचं, मग अपील.

निपाणीचा_तंबाखू

टक्केवारीबद्दल जपा. कान 30 आणि गुडघा 20 असेल आणि दोन्ही सेवेचे धरले असतील, तर एकत्र किती? दोन्हीचं काम पूर्ण वेगळं असेल तर सरळ बेरीज, म्हणजे 50, असं मार्गदर्शिका सांगते. एकाच कामावर दोन्हींचा परिणाम होत असेल तरच कपात. पण बोर्डं सवयीने 40 लिहितात. आता फरक बघा: 40 चे होतात 50, आणि 50 चे होतात 75. वरच्या 45,600 च्या हिशेबात 6,840 ऐवजी 10,260. नानावर सगळे भांडतात, या बेरजेकडे कुणाचं लक्ष नसतंय.

कुंदा_बेळगावी

हा मुद्दा बिनतोड. असं भांडण असेल तर मीही तुमच्या बाजूला. पण नुसत्या शुगरवर ‘नोकरीत ताण होता’ एवढंच लिहून कोर्टात जाणं मला अजूनही चुकीचं वाटतं.

जुना_सिग्नलवाला

ताण कुठल्या पोस्टिंगचा, हे तारखेसकट लिहिलं तर?

कुंदा_बेळगावी

तर वाचून ठरवू. आंधळी सही नाही करणार.

चंदगडी_काजू

शेवटचं, इथे खूप जण फसतात म्हणून. बेळगाव जिल्ह्यात राहणाऱ्याचा अर्ज न्यायाधिकरणाच्या कोची खंडपीठाकडे जातो, कारण कर्नाटक तिथे जोडलंय. शेजारीच महाराष्ट्रातलं चंदगड, तिथला माणूस मुंबईला. निवृत्त माणूस नेहमी राहतो कुठे, ते नियम बघतो. मूळ गाव चंदगड तालुक्यात, पण घर बांधलंय बेळगावात, असे बरेच आहेत. वकिलाला गावचा पत्ता देऊन मुंबईत अर्ज टाकतात आणि आधार, लाईट बिल जोडतात बेळगावचं. हद्दीची हरकत निघाली की आठ-दहा महिने गेलेच. आधी पत्ता ठरवा, मग वकील.