आईला तिसऱ्या मजल्यावरून हलवावं का?

प्रश्न: आई ७८ वर्षांची, लिफ्ट नाही. गुडघ्यांमुळे दोन महिने खाली उतरलेली नाही. ज्येष्ठांसाठीच्या संकुलात न्यावं म्हणतोय. ती म्हणते, "मला अडगळीत टाकताय." भाऊ विचारतो, अशा घरांवर सरकारने पैसा का घालावा?

उत्तर १: भावाला सांगा, पडणं महाग असतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसं पडून दगावतात, त्यांत साठीपुढची सर्वाधिक. माझे वडील न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळले, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर आठवड्यात घरी सोडणार होते. पण घरी जिने! मग आणखी तीन आठवडे सरकारी खाट अडवून बसलो. तो खर्च सगळ्यांच्याच करातून. नंतर उंबरा काढून भिंतीला दांडी बसवली, गवंड्याचं एका दिवसाचं काम. आधी का नाही सुचलं, देव जाणे.

उत्तर २: दांडी ठीक, पण सोबत? सासूबाई संकुलात गेल्या तेव्हा महिनाभर रुसल्या होत्या. आता दुपारी पत्त्यांचा डाव असतो, आमचेच फोन कापतात. आईला आधी चार दिवस राहून बघू द्या. ठरवू दे तिलाच.

प्रश्नकर्ता: रविवारी दाखवायला नेतो. आत्ताच विचारतेय, तिथे कुंड्या ठेवू देतात का.