डब्यावरचा लायसन नंबर वाचा
शुगरच्या औषधाच्या जाहिरातींबद्दल वर एकांनी लिहिलंय की डॉक्टरांचा फोटो आणि बरे झालेल्यांचे अनुभव दिले असले की माहिती खात्रीची समजायला हरकत नाही. मला हे अजिबात पटत नाही, फोटो आणि अनुभव कुणीही टाकू शकतं. उलट 'शुगर मुळापासून बरी' असं कुठं दिसलं की तिथंच थांबायचं, कारण १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं डायबेटिस, ब्लडप्रेशर, कॅन्सर, मुतखडा, अगदी उंची वाढवणं असल्या गोष्टींवर औषध आहे अशी जाहिरात करायलाच बंदी आहे, मग ते आयुर्वेदिक असो की आणखी काही.

आणि एक गोष्ट इथं कुणी लिहिली नाही. आमच्या अशोक चौकातल्या मामांनी असंच वाचून शुगरची पावडर मागवली न् गोळ्या बंद केल्या. मी डबा हातात घेऊन बघितला तर पुढं मोठ्या अक्षरात 'आयुर्वेदिक उपाय', आणि मागं तळाला बारीक अक्षरात एफएसएसएआयचा (म्हणजे खाण्याच्या वस्तूंना लायसन देणाऱ्या सरकारी संस्थेचा) चौदा आकडी नंबर, बस्स. हा नंबर खाण्याच्या वस्तूला असतो, आपल्या सोलापुरी शेंगाचटणीच्या पाकिटावर असतो तोच प्रकार. खरं आयुर्वेदिक औषध असेल तर त्यावर 'आयुर्वेदिक औषध' असं लिहिलेलं असतं आणि औषध बनवायचा लायसन नंबर असतो. अर्थात तो असला म्हणून रोग बरा होतोच असंही नाही, पण निदान बनवणारा कोण ते तरी कळतं. मामांची शुगर बरीच चढली होती, डॉक्टरांनी गोळ्या परत चालू केल्यात. अशा जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून अन्न व औषध प्रशासनाकडं तक्रार करता येते, कृपा करून करा.