दोन-तृतीयांश जमले की पक्षांतरबंदी कायदा का लागू होत नाही?

डिचोलीची टीचर:
मी बारावीला राज्यशास्त्र शिकवते. राज्यघटनेचं दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं की पोरं विचारतात, "टीचर, मग आपले आमदार कसे सुटले?" जुलै 2019 मध्ये गोव्यात काँग्रेसचे 15 पैकी 10 आमदार भाजपात गेले, सप्टेंबर 2022 मध्ये 11 पैकी 8. त्याच वर्षी निवडणुकीआधी काँग्रेसच्या उमेदवारांनी देवळात, क्रॉसकडे आणि दर्ग्यात जाऊन पक्ष न सोडण्याची शपथ घेतली होती. पोरांना काय सांगू?

म्हापशाचा वकील:
टीचर, तुम्ही दिलेले आकडेच फळ्यावर मांडा. 15चे दोन-तृतीयांश बरोबर 10. 11चे सात आणि वर थोडे, म्हणजे आठ हवेत. दोन्ही वेळा लागतील तेवढेच गेले. सातच गेले असते तर सातहीजणांची आमदारकी धोक्यात होती. कधी फुटायचं, ते दहाव्या परिशिष्टाच्या चौथ्या परिच्छेदानं ठरवलं: पक्ष विलीन झाला आणि दोन-तृतीयांश आमदार त्याला राजी असले, तर आमदारकी जात नाही.

आधी एक-तृतीयांश फुटले तरी चालायचं. 2003च्या 91व्या घटनादुरुस्तीनं ती वाट बुजवली, विलीनीकरणाची ठेवली. खरी गोम तिथंच आहे. परिच्छेद बोलतो मूळ पक्षाच्या विलीनीकरणाबद्दल, आणि काँग्रेस तर कुठंच विलीन झाली नव्हती! तरीही दोन-तृतीयांश आमदार राजी असले की पुरे, हा अर्थ फेब्रुवारी 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं मान्य केला. मला तो अजिबात पटत नाही. मत देताना आपण पक्षाची निशाणी बघतो, ती आमदारांच्या गटाची नसते.

वाळपईकर:
वकीलसाहेब, आमदारकी जाते की राहते याचा निवाडा आधी देतो कोण तेही सांगा. सभापती! आणि त्याला निवडून देतं बहुमत.

म्हापशाचा वकील:
खरं आहे. सभापतींच्या निकालाला कोर्टात आव्हान देता येतं, हे 1992 पासून पक्कं आहे. पण निकालच आला नाही तर आव्हान कशाला देणार? 2020 मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं साधारण तीन महिन्यांची मर्यादा सांगितली. आपल्याकडे 2019च्या फुटीवरचा निकाल एप्रिल 2021 मध्ये आला.

टीचर, पोरांना 1994चा रवी नाईक निवाडा नक्की वाचायला द्या, आपल्याच विधानसभेतला आहे. राजीनामा दिला नसला तरी वागणुकीवरून आमदारानं पक्ष सोडला असं धरता येतं, हे त्यात स्पष्ट आहे. एकट्यादुकट्याला ही कसोटी लागते, आठजण मिळून गेले की लागत नाही. हा चौथा परिच्छेद संसदेनं काढूनच टाकायला हवा.