कवानीला माफ, सुआरेझला फाशी?

गोरेगावचा_गोली: आमच्या मँचेस्टर युनायटेडच्या ग्रुपवर काल पुन्हा तीच पोस्ट फिरली. ‘आपल्या बिचाऱ्या कवानीने 2020 मध्ये इन्स्टाग्रामवर मित्राला ग्रासियास नेग्रितो (थँक्यू, काळू) म्हटलं, तर तीन सामने बंदी आणि एक लाख पौंड दंड! उरुग्वेत हा लाडाचा शब्द आहे. हल्ली सगळेच हुळहुळे झालेत.’ खाली अंगठ्यांची रांग.

उरुग्वेच्या भाषा अकादमीनेही तेव्हा एफएला, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेला, सुनावलं होतं, मान्य. पण ऑक्टोबर 2011 आठवा. अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलचा सुआरेझ, तोही उरुग्वेचाच, आमच्या कृष्णवर्णीय एव्राला ‘नेग्रो’ म्हणाला, आठ सामने बाहेर बसला. त्याचा बचावही हाच होता की आमच्याकडे असंच बोलतात. तेव्हा हीच मंडळी त्याला जन्मठेप द्यायला निघाली होती. जर्सी बदलली की लगेच भाषाशास्त्र आठवतं!

कॉप_कर्वेनगर: अरे वा, युनायटेडवाल्याला उपरती! आता हिशेबही कर. सुआरेझला आठ, कवानीला तीन आणि चेल्सीच्या टेरीला चार. टेरी तर कृष्णवर्णीय खेळाडूला इंग्रजीतच बोलला होता, तिथे भाषांतराचा घोळही नव्हता. एफएचा तराजू कुणीकडे झुकतो ते शेंबड्या पोरालाही कळतं.

गोरेगावचा_गोली: आणि सुआरेझच्या समर्थनाचे टी-शर्ट घालून तुमची अख्खी लिव्हरपूल टीम सरावाला उतरली, ते कुठल्या तराजूत टाकू?

कॉप_कर्वेनगर: बरं बाबा, टी-शर्ट लाजिरवाणे होते. त्याच टीममधल्या कॅरागरने 2019 मध्ये टीव्हीवर एव्राची माफी मागितली तेव्हा मीही मनातल्या मनात मागितली. पावती पाठवू?

पेठेतला_बॅक: लई कीस पाडताय राव. आमच्या कोल्हापूरच्या पेठेत काळ्या, जाड्या, बुटक्या, चकण्या सगळे हाईत. माझ्यासंगं बॅकला खेळायचा त्यो काळ्या. त्याची आईसुद्धा काळ्याच म्हणती. लग्नाच्या डिजिटल बोर्डावर पण ‘काळ्याभाऊंचं शुभमंगल’ असंच छापलंतं आम्ही. शाहू स्टेडियमवर नायजेरियन पोरं खेळाय आली की सगळी गॅलरी ‘काळ्या, मार!’ म्हणून ओरडती. गोल झाला की त्यास्नी खांद्यावर घिऊन नाचत्यात. ह्यात कसला आलाय वंशवाद?

दुलेर_एन्ड: खांद्यावर घेणाऱ्याला विचार, वरची खोली भाड्याने देतोस का? आमच्या गोव्यात धेंपो क्लबच्या रँटी मार्टिन्सने आणि चर्चिलच्या ओडाफाने, दोघेही नायजेरियन, गोलांचे ढीग लावले. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर मीही घसा फोडलाय. आणि घरी आल्यावर टीव्हीसमोर बसून ‘हबशी लोक सगळे असलेच’ हेही ऐकलंय, माझ्याच काकाच्या तोंडून. गोल हवा, शेजारी नको.

पेठेतला_बॅक: भाड्याचा विषय कुठनं आला? तुझा काका तसला आसंल, आमी न्हाई.

अनुजा_लीड्स: वेस्ट इंडीजच्या डॅरेन सॅमीला आयपीएलमध्ये ‘काळू’ म्हणायचे. त्याला वाटायचं की अर्थ ‘तगडा घोडा’ वगैरे असेल. खरा अर्थ 2020 मध्ये कळला तेव्हा तो किती चिडला होता!

कॉप_कर्वेनगर: पुढचंही सांगा की. एका सहकाऱ्याशी बोलल्यावर तोच म्हणाला की ते प्रेमानेच होतं.

अनुजा_लीड्स: हो, पण ते त्याने म्हटलं. म्हणणाऱ्याने स्वतःच ‘मी प्रेमाने बोललो’ म्हणणं वेगळं. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, इथे इंग्लंडमध्ये रविवारच्या लीगमध्ये खेळतो. मागच्या हिवाळ्यात समोरच्या टीमच्या एका बापाने बाहेरून त्याला पाकिस्तानवरून केलेला तो शब्द घातला. कुठला ते इथे राहणाऱ्या प्रत्येक देशी माणसाला माहीत आहे. रेफरीने सामना थांबवून रिपोर्ट लिहिला. 1988 मध्ये लिव्हरपूलच्या कृष्णवर्णीय जॉन बार्न्सला प्रेक्षकांतून फेकलेलं केळं टाचेने मारून मुकाट पुढे खेळावं लागलं होतं, त्या मानाने बरंच. पण गाडीत मुलाने विचारलं, ‘आई, आपण तर नाशिकचे ना?’ काय सांगू त्याला?

पेठेतला_बॅक: ती शिवी हाय. शिवी आणि टोपणनाव एक करू नगा. आणि तिकडं जाऊन आमाला शिकवू नगा.

अनुजा_लीड्स: शिकवत नाहीये. तुमच्या मित्राला कधी विचारलंत का, एवढंच सांगा.

दुलेर_एन्ड: काढला पळ!

पेठेतला_बॅक: पळालो न्हाई, त्याच्याकडंच गेलतो. पयला हसला. म्हणाला, ‘तीस वर्सांनी इचारतोस व्हय?’ मग च्या पिता पिता म्हणाला, लग्नातलं ते डिजिटल पाहुणे यायच्या आधी पहाटं त्यानंच उतरवलंतं. आमाला वाटलंतं वाऱ्यानं पडलं.

आता त्याचं खरं नाव तोंडात बसंना, ती एक पंचाईत. पण कवानीची बंदी चूकच.

गोरेगावचा_गोली: तीन जरा जास्तच होते, हे मीही म्हणतो.

कॉप_कर्वेनगर: आणि आठ?