मदत हवी आहे: एसक्यूएल क्वेरीत (डेटाबेसमधून माहिती काढायच्या आज्ञेत) नॉट इन लावलं की यादी रिकामी, नॉट एक्झिस्ट्स लावलं की मशीन अडकतं

मांजराकाठ: लातूरजवळ सोयाबीन खरेदी केंद्राचं काम करायलो. नोंदणी केली पण माल दिला नाही अशा शेतकऱ्यांची यादी पाहिजे, सकाळी मेसेज टाकायचेत. नॉट इनने (दुसऱ्या यादीत नसलेले काढा) शून्य ओळी येतात. नॉट एक्झिस्ट्स (जुळणारी ओळच नसलेले काढा) लावून दहा मिनिटं झाली, फिरतंच आहे. दोन्हीतलं कोणतं वापरू तेवढं सांगा.

जालनेकर: डेटाबेस कोणता, व्हर्जन कोणतं, इंडेक्स (ओळ पटकन सापडायची सूची) आहे का? काहीच सांगितलं नाही तुम्ही.

परभणीचा जुना: डोळे झाकून एक्झिस्ट्स. पंधरा वर्षं तेच लावतोय. एक ओळ सापडली की थांबतं. इन सगळी यादी गोळा करत बसतं.

जालनेकर: दादा, मायएसक्यूएल ५.५ पर्यंत इनचे हाल होते, सबक्वेरी (कंसातली आतली क्वेरी) बाहेरच्या प्रत्येक ओळीला परत चालायची. ५.६ ला सेमीजॉइन (दोन टेबलं एकदाच जुळवायची पद्धत) आला, तेव्हापासून इन मागे नाही. आणि इथं प्रश्न 'नॉट'चा आहे, त्याचं गणितच वेगळं.

परभणीचा जुना: माझ्याकडं आजही एक्झिस्ट्सच पळतं. पुस्तकातलं सांगू नका.

बीडवाला: दोन्ही टेबलं एक्सेलात घ्या, व्हीलूकअप लावा.

मांजराकाठ: एक्सेल नको हो. मायएसक्यूएल ५.७ आहे. नोंदणीत ३८ हजार ओळी, पावतीत सव्वा लाख. पावतीच्या शेतकरी क्रमांकावर इंडेक्स आहे.

जालनेकर: पावतीत क्रमांक रिकामा असलेली ओळ आहे का? नॉट इन यादीतल्या प्रत्येक क्रमांकाशी 'हा तो नाही ना' असं तपासतं. नलशी (म्हणजे रिकाम्या जागेशी) तुलना केली की उत्तर हो पण नाही अन् नाही पण नाही. यादीत एकच नल असला तरी एकही ओळ पास होत नाही.

मांजराकाठ: ११ निघाल्या! लाईट गेली त्या दिवशी हाताने पावत्या फाडल्या, नंतर चढवताना क्रमांक राहिला. पण दुसरं हळू का?

जालनेकर: दोन्हीकडं क्रमांकाचा टाइप काय?

मांजराकाठ: नोंदणीत इंट (आकडा). पावतीत व्हारचार (अक्षरं), ००४१२ असं लिहितात.

जालनेकर: मग तिथंच अडलंय. अक्षरांच्या कॉलमची आकड्याशी तुलना केली की त्यावरचा इंडेक्स वापरला जात नाही. एक्सप्लेन लावा (क्वेरी कशी चालते ते दाखवतं), पावतीसमोर ऑल किंवा इंडेक्स दिसेल, म्हणजे दरवेळी सगळं वाचतंय. वाईटात वाईट पावणेपाचशे कोटी तुलना. आधी बॅकअप घ्या, मग पावतीतला कॉलम इंट करा. नॉट एक्झिस्ट्सच ठेवा, त्याला नलचा त्रास नाही.

परभणीचा जुना: म्हणजे एक्झिस्ट्सच ना!

जालनेकर: हो, पण नलमुळं, तुम्ही सांगता त्यामुळं नाही. लेफ्ट जॉइन (नोंदणीला पावती जोडणं) करून इज नल (जोडीला काही नाही ते) लावलं तरी हेच मिळेल.

औसेकर: मी शेतकरी, तुमचं कॉम्प्युटरचं कळत नाही. पण 'माल दिला नाही' म्हणता तर सांगतो. मी ट्रॅक्टर भाडं भरून नेला होता. ओलावा १२ च्या वर म्हणून परत लावला. मशीनवर १३.४ दिसत होतं.

बीडवाला: धाग्याचा विषय क्वेरी आहे, काका.

मांजराकाठ: थांबा, काकांचं बरोबर आहे. परत लावलेल्या मालाची पण आम्ही पावती फाडतो! म्हणजे ते माझ्या यादीत येणारच नाहीत.

जालनेकर: स्थिती 'स्वीकारला' ही अट सबक्वेरीच्या आतच टाका. बाहेर टाकली तर चुकेल.

मांजराकाठ: झालं. दोन सेकंद लागले नाहीत. परत गेलेले २१२ जण आता यादीत आले, त्यांना वेगळा मेसेज करतो, वाळवून आणा म्हणून. औसेकर काका, केंद्र चालू आहे अजून, या.